चौकातला टिकाऊपणा

पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा टायर निवडण्यात कुणाचा वेळ जात नसे. सायकल काळी, रॉडब्रेकची, घरातल्या तिघाचौघांनी मिळून वापरायची. तिला 28 × 1½ मापाचा टायर लागे. डनलपचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दुकानदार देईल तो. नवा टायर म्हणजे महिन्याच्या हिशेबातला मोठा खर्च, त्यामुळे आतले दोरे दिसू लागेपर्यंत जुनाच चाले. रात्री डायनमो टायरच्या बाजूला घासत फिरे, त्यानं ती कडही झिजे. चीर पडली की जुन्या टायरचा तुकडा आतून लावून गेटर मारायचा, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर.

हे सगळं निभत होतं ते चौकाचौकातल्या सायकलवाल्यांमुळे. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवायची, बुडबुडे आले की जागा हेरायची, कानशीनं घासायची, सोल्युशन लावून थोडं वाळू द्यायचं आणि जुन्या ट्यूबचं ठिगळ दाबून बसवायचं. हवा राहत नसेल तर आधी व्हॉल्वट्यूब बदलून बघायची. जाणता मिस्त्री मागचा टायर झिजला की पुढचा काढून मागे घाली आणि नवा पुढे बसवी. वजन आणि पायाचा जोर मागच्या चाकावर जास्त, म्हणून तो आधी झिजतो. पण पुढचा फुटला तर सायकल सावरता येत नाही. चांगला टायर पुढेच हवा, हे तेव्हाचं शहाणपण आजही तंतोतंत खरं आहे.

आज पहाटे खडकवासल्याकडे किंवा कात्रजच्या घाटात दिसणारी सायकल वेगळी आहे. तिच्या टायरवर 28-622 असं काहीतरी छापलेलं असतं: पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या काळ्या सायकलीच्या टायरवर हाच दुसरा आकडा 635 असतो. बोलताना दोन्हींना अठ्ठावीस म्हटलं जातं, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. खरेदी करताना या आकड्यावर विसंबावं.

रुंदीचं मतही बदललं. रोडबाइकसाठी 23 मिलिमीटरचा टायर 110-120 पीएसआयपर्यंत ठणठणीत भरायचा, म्हणजे वेग मिळतो, असं कित्येक वर्षं मानलं जाई. खडबडीत डांबरावर असा टायर प्रत्येक खडीवर उसळतो आणि ताकद त्या उसळण्यात वाया जाते. म्हणून आता 28 किंवा 32, आणि हवा कमी. आपल्या रस्त्यांना हाच बदल सर्वांत मानवतो. नक्षीचं मात्र फार मनावर घेऊ नये. डांबरावर, अगदी ओल्या डांबरावरही, पकड मिळते ती रबरातून. सायकलच्या वेगाला पाण्यावर तरंगत घसरण्याची भीती नसते.

खरा फरक आत आहे. रबर आणि कापडाच्या मध्ये अरामिड धाग्याची किंवा रबराची पट्टी असते. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये ती पाच मिलिमीटर जाड आहे. टायर जड होतो, पळायला थोडा आळशी होतो, पण बाभळीचा काटा आणि सराटा आत येऊ देत नाही. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी त्याचा एखादा काटा वर असतोच. पावसात तर ओल्या रबरात काच आणखी सहज शिरते. कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन हा मधला मार्ग: बऱ्यापैकी हलका, बऱ्यापैकी चिवट.

फिक्स्ड गिअरवाल्यांचा, म्हणजे चाकाबरोबर पेडलही सतत फिरणाऱ्या सायकली चालवणाऱ्यांचा, हिशेब निराळा. बालेवाडीच्या वेलोड्रोमसारख्या ट्रॅकवरच्या सायकली याच जातीच्या, पण तिथला पृष्ठभाग गुळगुळीत. रस्त्यावर पेडल रोखून मागचं चाक घसरवत थांबलं की टायर जागच्या जागी झिजतो. पुढे 48 दाते आणि मागे 16 असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे होतात. नेहमी एकच पाय पुढे ठेवून घसरणाऱ्याचा टायर दर वेळी त्याच जागी घासतो आणि लवकरच दोऱ्याला लागतो. मागे 17 दाते लावले की झीज सतरा जागी वाटली जाते. एवढा बदल महागड्या टायरपेक्षाही जास्त पैसे वाचवतो. मागे जाड रबराचा टायर हवाच. पुढे हलका चालेल.

पूर्वीचा टिकाऊपणा टायरमध्ये कमी आणि चौकात जास्त होता. शाळा-ऑफिसच्या वाटेवर मिस्त्री असायचाच. आता त्या दुकानांपैकी बरीच मोटारसायकलींकडे वळली, आणि सायकलस्वार मात्र 200, 300, 600 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला, निघाले. 200 किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत. अपरात्री घाटात चाक बसलं तर हाकेच्या अंतरावर कुणी नाही. म्हणून टायर घेताना सर्वांत हलका कोणता, हे विचारण्याआधी आपल्या वाटेवर मदत किती लांब आहे, हे स्वतःला विचारावं. जितकी लांब, तितका टायर जाड. आणि ठिगळ लावायची विद्या प्रत्येक सायकलस्वारानं शिकून घ्यावी. पट्टी कितीही जाड असली तरी एखादा काटा आत येणारच, आणि तेव्हा मिस्त्रीचं काम आपल्याच हातांना करावं लागेल.