कारवानी आणि कॅमेरा

सोलापूरच्या आसपासच्या माळरानावर, मेंढरांच्या वाड्याजवळ किंवा एखाद्या शेतवस्तीवर एका विशिष्ट बांध्याचा कुत्रा दृष्टीस पडतो. उंच पाय, खोल छाती, आत गेलेले पोट, लांबट निमुळते तोंड. नवख्या माणसाला तो उपाशी वाटतो आणि दयाबुद्धीने तो भाकरीचा तुकडा पुढे करतो. परंतु ही कृशता उपासमारीची नसून जातीची आहे. यालाच कारवानी म्हणतात. कानांवर व शेपटीवर लांब केस असतील तर तो पश्मी. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी या वंशाची जोपासना केली, म्हणून सीमेपलीकडे तो मुधोळ नावाने प्रसिद्ध आहे. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार देशी श्वानजातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळला स्थान मिळाले. आपल्या गावच्या कुत्र्याची थोरवी तिकिटावर पाहिल्यावरच कळावी, हे आपल्या स्वभावाला धरूनच झाले म्हणायचे.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेने माग काढतो. दूरवर काही हलले की बाण सुटावा तसा सुटतो. आणि तोच कुत्रा अनोळखी माणसाने हात पुढे केला की मालकाच्या पायांमागे जातो. चपळता आणि भिडस्तपणा एकाच देहात असल्यामुळे छायाचित्रकाराची दुहेरी परीक्षा होते.

चाटी गल्लीत घरच्या कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या एका तरुणाने ही परीक्षा देण्याचे मनावर घेतले. रविवारी पहाटे तो कॅमेरा घेऊन शहराबाहेर पडतो. उन्हाळ्यात आठ वाजून गेले की येथील ऊन पांढरेफटक होते, सावल्या कठोर पडतात आणि तापलेल्या जमिनीवर कुत्र्याचे पंजे पोळतात. तेव्हा काम सकाळी लवकरच आटोपावे लागते. नान्नजच्या बाजूला तो कुत्रे नेत नाही. तेथे १९७९ पासून माळढोकाचे अभयारण्य आहे, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या प्रदेशात मोकळा कुत्रा म्हणजे संकटच.

एका शेतकऱ्याने आपल्या कारवानीचे धावतानाचे चित्र मागितले. मोबदलाही चांगला देऊ केला. अट एकच होती : पुढे ससा सोडायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार गुन्हा ठरते, ही गोष्ट तरुणाला ठाऊक होती. पण त्याने कायद्याचे नाव काढले नाही. ‘‘काका, माझ्या हातून हे व्हायचं नाही. कुत्रा पळेल, त्याची सोय मी करतो,’’ एवढेच तो म्हणाला. पुढच्या रविवारी दुकानातल्या कापडाच्या चिंध्यांची मोळी लांब दोरीला बांधून त्याने ती मोटारसायकलमागे ओढविली. कुत्रा चिंध्यांमागे तितक्याच जिवाच्या आकांताने धावला. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात टिपलेल्या चित्रांत त्याचे चारही पाय अधांतरी दिसले; एकदा पोटाखाली जुळलेले आणि एकदा पुढेमागे पूर्ण ताणलेले. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात घोड्याचे चारही पाय क्षणभर भूमी सोडतात हे छायाचित्रांनी सिद्ध केले होते. पण भरधाव घोडा एका झेपेत एकदाच अधांतरी असतो, हा कुत्रा दोनदा. शेतकऱ्याने चित्र पाहिले, ठरलेले पैसे दिले आणि सशाचा विषय पुन्हा काढला नाही.

धावणाऱ्याचे चित्र काढणे तुलनेने सोपे. अवघड ठरली ती पेढीसमोरच्या पायरीखाली राहणारी तांबूस कुत्री. दिवाळीच्या फटाक्यांनी ती इतकी बावरली होती, की शटर खाली ओढल्याच्या आवाजानेही पळून जाई. तिला घर मिळावे म्हणून चांगले चित्र हवे होते. शेपटी पायांत घातलेल्या, डोळ्यांचे पांढरे दाखविणाऱ्या कुत्रीला कोण घरी नेणार? आणि नेमके तसेच चित्र निघत होते, कारण मोठी काच रोखून समोर उभा राहणारा माणूस कुत्र्याला रोखून पाहणाऱ्या शत्रूसारखाच वाटतो. ओठ चाटणे, अवेळी जांभई देणे, मान वळविणे, ही त्याची ‘पुरे करा’ अशी विनवणी असते. व्यापारात आधी पत जमवावी लागते, मग उधारी मिळते. येथे तर गिऱ्हाईक मुके.

तरुणाच्या आजीने मार्ग काढला. त्यांनी नातवाला जीवंधरकुमाराची कथा सांगितली. वादीभसिंहसूरींच्या क्षत्रचूडामणीतील हा राजपुत्र मार खाऊन मरणासन्न पडलेल्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगतो आणि तो जीव सुदर्शन यक्ष होतो. रत्नकरंडक श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनीही धर्माने श्वान देव होतो असे सांगितले आहे. ‘‘आजी, मंत्र ऐकायला ती थांबायला तर हवी,’’ नातू म्हणाला. ‘‘अरे, जीवंधर तिच्याजवळ बसला होता ना? तू उभा राहतोस,’’ आजी उत्तरल्या.

मग दोन रविवार कॅमेरा पिशवीतच राहिला. आजी सामायिक आटोपून पायरीवर बसत, नातू त्यांच्या शेजारी, कुत्रीकडे पाठ करून. तिसऱ्या रविवारी ती आपण होऊन जवळ आली. तरुणाने कॅमेरा मांडीवर ठेवूनच, डोळ्याला न लावता, बाजूने कळ दाबली. लांबून टिपायची भिंगे होती, झगमगता दिवा होता. काहीच वापरले नाही.

चित्र थोडे तिरके आले आहे. आजींच्या लुगड्याचा काठ कडेला दिसतो, कुत्रीचे कान सैल आहेत आणि ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही. ते पाहून विजापूर रस्त्यावरील एका कुटुंबाने चौकशी केली. तिला नेण्याआधी त्यांनी चार दिवस त्याच पायरीवर येऊन बसावे, असे आजींनी सांगितले. ते रोज संध्याकाळी दुकान वाढवायच्या वेळी येत आहेत.