काटकसरीचे शास्त्र

काही शब्दांना काही काळ राजयोग असतो. आमच्या विद्यार्थिदशेत तो 'नियोजन' या शब्दास होता. पुढे 'उत्पादकता' गादीवर आली. हल्ली 'लीन' या इंग्रजी शब्दाची सद्दी आहे. अध्यापनाच्या निमित्ताने आम्ही ज्या लवळे गावी राहतो, तेथे खाली भाताची खाचरे, वर टेकडीवर विद्यापीठांच्या इमारती आणि पलीकडे पिरंगुटचे कारखाने असा त्रिवेणी संगम आहे. त्यामुळे आमच्या विषयातील शेक्सपिअरचे नाव आमच्या कानांवर जितके पडत नाही तितका हा शब्द पडतो. कारखान्यात जन्मलेले हे तत्त्व रुग्णालयास, कचेरीस, शाळेस, फार काय, स्वयंपाकघरासही लागू पडते, असे आमचे तरुण मित्र मोठ्या आवेशाने सांगतात. ते खोटे नाही. परंतु ते लागू करताना एक प्रश्न विचारण्याचे बहुधा राहून जाते, आणि त्या प्रश्नापुरताच हा लेखप्रपंच आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. मराठीत लीन म्हणजे नम्र. इंग्रजीत लीन म्हणजे अंगावर फाजील मांस नसलेला, काटक. व्युत्पत्तीने 'काटक' आणि 'काटकसर' यांचे नाते असो वा नसो, आमच्या भाषेत हे दोन शब्द शेजारी नांदतात हा सुयोगच म्हणावयाचा. या काटक व्यवस्थेचे माहेर जपान. साकिची टोयोडा यांनी 1924 साली पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग, धागा तुटताच आपोआप थांबत असे. त्यांचे पुत्र किइचिरो यांनी मोटारींचा धंदा काढला; आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत ताइइची ओनो या अभियंत्याने त्या कारखान्यात कामाची नवी रीत बसविली. तिला 'लीन' हे नाव मात्र 1988 साली एका अमेरिकन अभ्यासकाने दिले. भारतात या कंपनीने 1997 साली मोटारींचा कारखाना काढण्याचे ठरविले, तेव्हा तिने भागीदार निवडले ते आमचे किर्लोस्कर.

ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा अधिक माल करणे, खोळंबून राहणे, मालाची विनाकारण ने-आण, नको ते सोपस्कार, फाजील साठा, कामगाराची व्यर्थ हालचाल आणि सदोष माल. हे सातही पाठ झाले म्हणजे शास्त्र आले, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु त्या मागाचा धडा निराळाच आहे. टोयोटाच्या कारखान्यात कोणाही कामगारास दोष दिसताच दोरी ओढून काम थांबविण्याचा अधिकार असतो. ज्याच्या हाताखालून काम जाते त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे, हा या व्यवस्थेचा कणा होय. 1950 साली कंपनी बुडण्याच्या बेतात आली आणि दीड हजारांहून अधिक कामगार कमी करावे लागले, तेव्हा खुद्द किइचिरो यांनी अध्यक्षपद सोडले. हा प्रसंग 'लीन'च्या नावाने माणसे कमी करणाऱ्यांनी अवश्य वाचावा.

याच तत्त्वाचे देशी उदाहरण पाहण्यास जपानला जाण्याचे कारण नाही. ते आमच्या मुळशी तालुक्यातच आहे. मुंबईचे डबेवाले बहुतांशी मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतले. महादू हावजी बच्चे यांनी 1890 साली आरंभिलेल्या या धंद्यात एकेकाळी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवीत. झाकणावर रंगाने काढलेली चार अक्षरे व आकडे, एवढेच त्यांचे दप्तर. डबा तीन-चार हातांतून जातो, लोकल गाडी स्थानकावर अर्धा-पाऊण मिनिट थांबते, तेवढ्यात चढ-उतार व्हावी लागते. म्हणून न साठा, न खोळंबा, न व्यर्थ फेरा. मोठमोठ्या विद्यापीठांनी यांचा अभ्यास केला यात नवल नाही. नवल दुसऱ्याच दोन गोष्टींचे आहे. एक, प्रत्येक टोळीत गरजेपेक्षा दोन-तीन माणसे अधिक ठेवलेली असत. कोणी आजारी पडला तर त्याचे डबे अडू नयेत म्हणून. दुसरी, चैत्रात गावच्या यात्रेसाठी सगळा धंदा पाच-सहा दिवस चक्क बंद असे! आमच्या एखाद्या नवशिक्या व्यवस्थापकाने ही अधिक माणसे व ही सुट्टी पहिल्या झटक्यास छाटली असती. परंतु येथे प्रत्येक जण भागीदार. छाटणारा आणि छाटला जाणारा एकच. म्हणून काय फाजील व काय आवश्यक हे त्यांना अचूक कळे. 2020 च्या मार्चात लोकल बंद झाल्या, पुष्कळ जण गावी परतले, आणि पूर्वीच्या मापाने तो धंदा पुन्हा उभा राहिला नाही. परंतु ती व्यवस्था मोडली ती तिच्यातील दोषाने नव्हे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. मागणी येईल तेव्हाच आणि तेवढाच माल करावा, हे ओनो यांचे सूत्र आमच्या मातोश्रींना कोणी शिकविले नव्हते; तथापि आमच्या घरी ते नित्य पाळले जाई. मिसळणाचा डबा हाताशी, मोहरी तडतडताच हिंग-हळद. पानावर बसलेल्याची पोळी संपत आली की तव्यावरची फुगलेली पोळी त्याच्या पानात. साठा शून्य, खोळंबा शून्य, करपलेला माल शून्य! कोणाही परीक्षकाने शंभरांपैकी शंभर गुण दिले असते. फक्त चुलीपुढच्या बाईचे जेवण तीन वाजता होई, आणि तिच्या वाट्याची पोळी बहुधा गारच असे. खोळंबा नाहीसा झाला नव्हता. तो पानावरून उठून चुलीपाशी जाऊन बसला होता. पुढे आमच्या थोरल्या भगिनीने सगळ्या पोळ्या आधी लाटून डब्यात ठेवण्याचा व सर्वांनी एका पंगतीस बसण्याचा पायंडा पाडला. शास्त्राच्या दृष्टीने ही साठ्याची वाढ होय. परंतु घरातला एकूण अपव्यय मात्र त्या दिवसापासून कमी झाला.

आमचा जो प्रश्न आहे तो हाच: अपव्यय खरोखर गेला, की फक्त दुसऱ्याच्या दारी गेला? आमच्या माहितीतील एका संस्थेत काटकसरीच्या नावाखाली कचेरीतील तीन कारकून कमी केले. हिशेबात बचत दिसली, अभिनंदनाचा ठरावही झाला. मात्र जो दाखला पूर्वी दहा मिनिटांत मिळे, त्यासाठी विद्यार्थी अर्धा दिवस खिडकीपाशी तिष्ठू लागले. हजार विद्यार्थ्यांचा अर्धा अर्धा दिवस कोणत्या खतावणीत लिहावयाचा? संस्थेच्या खतावणीत त्याला रकानाच नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांचा क्षणही वाया जाऊ नये म्हणून रोग्यांना सकाळपासून बाकावर बसवून ठेवतात, तीही याच जातीची काटकसर. मोठा कारखाना आपल्या गुदामातला साठा काढून टाकतो. तो लहान पुरवठादाराच्या शेडमध्ये, कर्जाच्या पैशाने, वाढत राहतो. ज्याचा वेळ स्वस्त समजला जातो त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचा अपव्यय येऊन पडतो, हा या व्यवहाराचा नियमच दिसतो.

साठ्याविषयीही असेच तारतम्य हवे. मुळशीच्या पावसावर भात वर्षातून एकदा पिकते. म्हणून शेतकऱ्याची कणगी भरलेली असणे हा अपव्यय नव्हे, ती वर्षाची बेगमी होय. ज्याचा पुरवठा आपल्या हाती नाही त्याचा साठा करणे हे शहाणपण. खुद्द टोयोटानेही 2011 च्या भूकंपानंतर हे ओळखले, आणि नाजूक सुट्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवविला. शास्त्राच्या जन्मदात्याने सवड ठेवली. शास्त्राच्या भाविकांनी मात्र ती ठेवू नये, हे जगाच्या रीतीस धरूनच आहे.

या शास्त्राशी आमचे वैर नाही. उलट, सरकारी कचेरीतील टेबलाटेबलांवरून फिरणारा कागद, लग्नातील उष्ट्या पानांचे ढीग, सभांतून ओघळणारी भाषणे पाहिली म्हणजे ओनो यांना येथेच जन्म का मिळाला नाही असे वाटते. आमचे म्हणणे इतकेच, की घर असो वा कारखाना, काटकसरीचा बेत ठरविताना तिचा भार ज्याच्यावर पडावयाचा आहे त्याला बैठकीस बोलवावे, आणि दोरी ओढण्याचा अधिकार त्याच्याही हाती द्यावा. ते करावयाचे तर व्यवस्थापकास इंग्रजी अर्थाने लीन होण्यापूर्वी थोडे मराठी अर्थानेही लीन व्हावे लागेल. टेकडीवरच्या अभ्यासक्रमात हा विषय अद्याप लागलेला नाही. खाचरात एकमेकांच्या लावणीस जाणाऱ्यांना तो न शिकविताच येतो.