काळी एकचा खर्ज

बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीनं 1971 साली 'ब्लॅक सॅबथ' या हेवी मेटल बँडच्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या तबकडीतल्या काही गाण्यांसाठी आपली गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली. तिची सगळ्यांत जाड तार सेकंदाला साधारण 69 कंपनांवर येऊन बसली. आपल्याकडं पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला काळी एक म्हणतात. कितीतरी पुरुष गायक तिथंच षड्ज धरतात, आणि त्यांच्या तंबोऱ्याचा खर्ज लावला की तोही त्याच 69 कंपनांच्या आसपास येतो. हेवी मेटलचा तळ आणि आपल्या बैठकीचा तळ एकच आहे, हे मला इस्लापूरला समजलं, तेही भाच्यानं सुट्टीत पुण्याहून आणलेल्या गिटारमुळं.

इस्लापूर किनवट तालुक्यातलं. एका अंगाला पैनगंगा आणि तिच्यावरचा सहस्रकुंडचा धबधबा, पलीकडं विदर्भ, आणि भोवती सागाचं रान. गावाला आवाजाचं वावडं नाही. पावसाळ्यात सहस्रकुंडच्या काठावर शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. दिवाळीच्या आधी गोंडांच्या वस्त्यांवर दंडारीचा नाच सुरू झाला की ढोल रात्रभर थांबत नाहीत. तरीही गिटारचा पहिला फटका घरात घुमला तेव्हा आई देवघरातून उठून आली. "काय वाजवायलास रे हे? लई कडक आहे की." भाचा म्हणाला, "आजी, हे अजून कमीच ठेवलंय."

मी ती जवळून पाहिली. काळी, दोन टोकदार शिंगांची, पोकळ नसलेली. भरीव लाकूड मुद्दाम वापरतात. पोकळ गिटार मोठ्या अँप्लिफायरसमोर धरली की स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, तिथून परत तारांवर जातो आणि सगळं किंचाळायला लागतं. तारांखाली, कंपनांची वीज करणारे, दोन-दोन वेटोळ्यांचे पिकअप. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. दोन्ही वेटोळी एकमेकांच्या उलट गुंडाळलेली आणि त्यांची चुंबकंही उलटी, म्हणून विजेच्या तारांचा, ट्यूबलाइटच्या चोकचा गुणगुणाट एकमेकांत कटतो आणि तारेचा आवाज मात्र दुणावतो. मेटलसाठी ही गोष्ट जीवनमरणाची, कारण पुढं हजारपटीनं वाढवायचं ते इथंच स्वच्छ व्हायला हवं.

मानेवरची पट्टी काळसर जांभळ्या छटेची. हात फिरवताच ओळख पटली. आमचा देव्हारा याच लाकडाचा आहे, शिसवी. जगभरच्या गिटारींच्या पट्ट्यांसाठी आपल्या दक्षिणेकडच्या शिसवाची फार मागणी. ब्राझीलच्या शिसवावर 1992 मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि भार आणखी आपल्या शिसवावर पडला. 2017 च्या सुरुवातीला धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या साइट्स करारानं शिसवाच्या सगळ्याच जातींवर परवान्याची अट घातली, आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला 2019 उजाडलं. रानातल्या झाडाची चिंता मला आहेच. पण एका अंगाला देव आणि एका अंगाला मेटल सांभाळणारं हे लाकूड घरच्याघरी हाताशी आलं, याचा आनंदही खरा होता.

मग लाईट गेली. अँप्लिफायर मेला आणि ती भली मोठी आक्रमक गिटार डासाएवढी झाली. भाचा हसला नाही, वैतागलाही नाही. उठला आणि गिटारचं शेंडीकडचं टोक सागवानी कपाटाच्या दाराला टेकवून तार छेडली. कपाट बोलायला लागलं! दाराची सगळी फळी थरथरली आणि आवाज खोलीभर झाला. तारेला फारशी हवा हलवता येत नाही, ती फक्त लाकूड हलवते. हवा हलवायचं काम लाकडाच्या मोठ्या पृष्ठभागाचं. तंबोऱ्याची तबली तेच करते, आणि मेटलच्या गिटारनं तेच काम विजेवर सोपवलेलं असतं.

लाईट आल्यावर त्यानं मला पॉवर कॉर्ड वाजवून दाखवली. मेटलचा जवळजवळ सगळा डोलारा हिच्यावर उभा. "मामा, यात फक्त दोन सूर. सा आणि प. गंधार काढून टाकायचा." मी थबकलो. सा आणि प हीच तर तंबोऱ्याची जोडी!

गंधार का काढतात हे समजून घेतल्याशिवाय मला झोप लागली नसती. अँप्लिफायरला झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला की लाटांचे माथे सपाट कापले जातात. कापलेल्या लाटेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे स्वरांश उगवतात, शिवाय एकत्र वाजणाऱ्या दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू यायला लागतात. सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन. त्यांची वजाबाकी एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. 139 आणि 208 कंपनांची जोडी वाजवली की 69 चा नाद आपोआप उगवतो, कुणीही न छेडलेला खर्ज. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मात्र शुद्ध प्रमाणापेक्षा किंचित चढा असतो. तो या गिरणीत टाकला की बेरजा-वजाबाक्या एकमेकींना टोचतात आणि चिखल होतो. म्हणून तो बाजूला ठेवायचा. आणि काढून टाकलेला गंधार षड्जाच्या पाचपट स्वरांशातून पुन्हा वर येतो. तंबोरा लागला की जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, ज्याच्यासाठी गाणारे डोळे मिटून बसतात, तोच.

तंबोऱ्यात हे काम जवारी करते. घोडीचा माथा अगदी मंद उताराचा घासलेला असतो, सुटलेली तार त्यावर टेकत-उठत जाते आणि स्वरांशांचा झोत सुटतो. तारेखाली सुती धागा सरकवून ती जागा शोधायची. केसाएवढा फरक झाला तरी तंबोरा मुका होतो. भाचा अँप्लिफायरची गेनची कळ फिरवत होता तेव्हा त्याची मान तशीच तिरपी झाली होती. उजव्या तळव्याची कड घोडीपाशी टेकवून त्यानं तार दाबून वाजवली आणि कपाटावरचे पितळी डबे बोलले.

आयोमीकडं परत जातो, कारण त्याच्याशिवाय हे वाद्य समजत नाही. तो पत्र्याच्या कारखान्यात कामगार होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रानं त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तोडली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची तबकडी ऐकवली. आगीत बोटं निकामी झालेला जँगो उरलेल्या दोन बोटांवर अख्ख्या युरोपाला डोलवत होता. आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं, हलक्या तारा शोधल्या आणि पुढं त्या सैल केल्या. सैल तार दाबायला सोपी आणि आवाजाला भारी. जगातला सर्वांत जड आवाज एका जखमी कामगाराच्या तार ढिली करण्यातून आला, यापुढं मला काळे टीशर्ट आणि कवट्यांची चित्रं फार किरकोळ वाटतात.

हा आवाज आपल्याकडंही आला. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवाला पोरं घाम गाळत होती. पुढं तिथले कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमानं बंद पडले. 'भयानक मौत', 'डेमॉनिक रिसरेक्शन' यांसारखे बँड मुंबईतूनच आले. इस्लापूरच्या पोरांपर्यंत हे मोबाईलवरून पोचलं, आणि ठीक पोचलं.

माझं मन मात्र मिरजेकडं धावतं. तिथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी कानानं घासणारे हात अजून तिथं आहेत. अमेरिकेत 1967 मध्ये रुंद, सपाट घोडी बसवलेली इलेक्ट्रिक सतार विकायला आली होती. म्हणजे त्यांनी आपली जवारी उसनी घेऊन पाहिली. आता मिरजेच्या एखाद्या कारागिरानं मेटलची गिटार मांडीवर घ्यावी, शिसवाची पट्टी, भरीव अंग, जाड तारा, काळी एकच्या खर्जावर लावलेली, आणि घोडीवर स्वतःच्या कानानं कानस फिरवावी. भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, तारा जाड लागतील. सगळ्यांत खालची इंचाच्या बासष्ट हजारांश जाडीची तरी लागेल." मी म्हणालो, लाव. कानस कुणाच्या हातात द्यायची ते मी बघतो.