ओटीतला उजेड

यवतमाळ जिल्ह्याचा भूगोल छायाचित्रकाराच्या सोयीचा नाही. जमीन काळी, तिच्यावर फुटणारे पीक पांढरेशुभ्र, ते वेचणारी माणसे उन्हाने रापलेली, सावळी. आणि या सर्वांवर डोळे दिपवणारे विदर्भाचे ऊन. मनुष्याचा डोळा हे सारे एका दृष्टिक्षेपात सामावून घेतो. कॅमेऱ्याला मात्र निवड करावी लागते. कापूस राखायचा की चेहरा? गेली काही वर्षे मी या एका प्रश्नाशी हौसेने झुंजतो आहे आणि निवृत्तीनंतरचा माझा पुष्कळसा काळ त्यात आनंदाने गेला आहे.

वाचकहो, मी व्यावसायिक छायाचित्रकार नव्हे. उभा जन्म मुलांना नकाशे भरायला शिकवण्यात गेला. निवृत्त झालो तेव्हा मुलीने हातात एक लहानसा डिजिटल कॅमेरा ठेवला. त्यापूर्वीचे आमचे छायाचित्रण म्हणजे छत्तीस चित्रांचा रोळ. एक रोळ बाप्तिस्म्यापासून नाताळपर्यंत पुरवायचा, आणि धुऊन येईपर्यंत कोणाचे डोळे मिटले हे कळायचे नाही. आता चिमूटभर मेमरी कार्डात हजारो चित्रे मावतात आणि मिटलेले डोळे तत्क्षणी दिसतात. या सुखाचा जन्म मोठा गमतीदार आहे. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो. चित्र कृष्णधवल, तेही कॅसेटच्या फितीवर, आणि एक चित्र नोंदायला २३ सेकंद. फिल्म विकणाऱ्या कंपनीला त्या यंत्राचे फारसे कौतुक वाटले नाही. पुढे २०१२ साली त्याच कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आमच्या जिल्ह्यात कॅमेरा गळ्यात दिसला की लोक पहिला प्रश्न विचारतात, “टिपेश्वरला चालले काय?” पांढरकवड्याकडचे हे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. तेथे जन्मलेला एक वाघ २०१९ साली गळ्यातल्या रेडिओ कॉलरसह शेकडो कोस चालत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हापासून तर टिपेश्वरचे नाव सर्वतोमुखी झाले. हातभर लांबीची भिंगे घेऊन मंडळी दुरून येतात. मीही एकदा गेलो. वाघाची शेपटी मिळाली. तिची कोणाला हरकत नव्हती, पण माझे मन तेथे रमले नाही. मला ओढ लागली ती रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या पऱ्हाटीची.

आता कोडे सांगतो. कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे काय हे ठाऊक नसते. समोरच्या दृश्यातून येणाऱ्या सगळ्या प्रकाशाची तो सरासरी काढतो आणि ती एका मध्यम करड्या छटेवर आणून बसवतो. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारी ही छटा. झाडे, घरे, रस्ते यांच्या बाबतीत हा हिशेब बव्हंशी जमतो. परंतु चौकटभर कापूस असला की यंत्राला वाटते, उजेड फार झाला; ते झडप लवकर मिटते, आणि दुधासारखा कापूस धुळीने माखल्यागत करडा उमटतो. काळ्या रानाचे चित्र घेतले तर उलटा प्रकार. तेथे यंत्र उजेड वाढवते आणि कसदार काळी माती राखाडी होते. म्हणजे आमच्या मातीचे आणि आमच्या पिकाचे, दोहोंचेही रंग यंत्र एकाच करड्या रंगात ढकलू पाहते. त्यावर उपाय सोपा आहे. अधिक-उण्याची खूण असलेली कळ असते, तिने कापसासाठी एक घर अधिक जावे, मातीसाठी एक घर उणे. यंत्राला अडवून “थांब, हे पांढरेच आहे” असे सांगण्यात जो आनंद आहे, तो ज्याचा त्यानेच घ्यावा.

हे केवळ शेतातले कोडे आहे असे समजू नका. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आपल्या धर्मग्रामातील मुले-मुली शुभ्र पोशाखात रांगेने उभी राहतात, ते चित्र आठवा. पोशाख उजळ निघाला तर चेहरे काळवंडतात, चेहरे राखले तर झालरीची वीण नाहीशी होते. फिल्मच्या काळी पांढरा रंग हळूहळू विरघळत असे, काही तपशील मागे राही. डिजिटल यंत्रात पांढऱ्याचे माप भरले की भरले. त्यापलीकडे काहीच नोंदले जात नाही, आणि मागाहून कितीही खटपट केली तरी तेथून एक धागाही परत मिळत नाही.

तथापि फिल्मची बाजू मी फार घेणार नाही. अमेरिकेतील प्रयोगशाळांत कित्येक दशके रंगांचा मेळ एका नमुना-चित्रावरून घातला जाई आणि त्या चित्रात एक गोरी स्त्री असे. तिची कांती बरोबर उमटली की रंग बरोबर! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे नमुना-चित्र १९९० च्या दशकात आले. जुन्या लग्नाच्या आल्बममध्ये आपल्या आज्या-मावश्या एकतर कोळशासारख्या किंवा पावडर थापल्यासारख्या दिसतात, त्याचा सगळा दोष गावच्या फोटोवाल्याच्या माथी मारणे बरोबर नव्हे.

पळसाचे कोडे निराळे आहे. फाल्गुनात उमरखेडच्या, घाटंजीच्या बाजूला पळस पेटतो, तेव्हा कॅमेरा घरात ठेवून बसवत नाही. पण चित्र पाहावे तर पाकळ्यांच्या जागी एक सपाट केशरी डाग! न शिरा, न मखमल. कारण शोधता शोधता मला एक उन्हाळा लागला. सेन्सरवरील प्रत्येक बिंदू एकच रंग पाहतो. निम्मे बिंदू हिरवा, पाव तांबडा आणि पाव निळा. उरलेले रंग यंत्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरते. ब्राइस बायर या कोडॅकच्याच संशोधकाने १९७६ साली पेटंट घेतलेली ही रचना. पळसाच्या फुलात तांबडा इतका उसळतो की एकूण उजेड बेताचा असतानाही तांबड्याचे माप काठोकाठ भरून सांडते. म्हणून पळसासाठी अर्धे-पाऊण घर उणे जायचे आणि ढगाची वाट पाहायची. फाल्गुनात यवतमाळला ढगाची वाट पाहणारा माणूस लोकांना वेडा वाटतो. वाटो बापडा!

परंतु खरे कोडे चेहऱ्याचे.

वेचणीच्या हंगामात मी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात जात असतो. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोमागे मिळते. तेव्हा “जरा इकडे पाहा” म्हणून कोणाला थांबवणे म्हणजे तिच्या ओटीतला मूठभर कापूस काढून घेणे होय. म्हणून मी एक नियम पाळतो: कोणाला थांबवायचे नाही, कोणाला हसायला सांगायचे नाही. न्याहारीला त्या बाभळीखाली बसतात तेव्हा, किंवा संध्याकाळी काट्यावर गाठोडी चढतात तेव्हा बोलायचे आणि कॅमेऱ्यातली चित्रे दाखवायची. अशाच एका न्याहारीला, पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंनी कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यात डोकावून पाहिले आणि त्या म्हणाल्या, “गुरुजी, कापूस तं चांगला निंगाला. पन मी कुठी आहो याच्यात?”

कापसाचा तंतू न् तंतू दिसत होता. पदराखाली मात्र एक काळोखी पोकळी होती. यंत्राने आपली निवड करून टाकली होती.

त्यानंतरच्या हंगामात मी घड्याळ लावून उजेडाचा अभ्यास केला. भर दुपारी काहीच साधत नाही. संध्याकाळी काट्याच्या वेळी ऊन पिवळे असते, चेहरे सुरेख येतात. पण यंत्र तो पिवळेपणा दोष समजून काढून टाकते, म्हणून व्हाइट बॅलन्सची स्वयंचलित सोय बंद करून ते ‘ऊन’ या खुणेवर ठेवावे लागते. सर्वांत उत्तम वेळ सापडली ती सकाळी दहाच्या सुमाराची, आणि तीही अवचित. बाई वेचत पुढे सरकतात. डोक्यावरचा पदर चेहऱ्यावर सावली धरतो. पण कमरेला बांधलेली ओटी तोवर अर्धी भरलेली असते, तिच्यावर तिरपे ऊन पडते आणि तेथून उसळलेला मऊ उजेड खालून हनुवटीवर, गालांवर, डोळ्यांत जातो. शहरातले स्टुडिओवाले पांढऱ्या छत्र्या उघडून जे साधतात, ते येथे वेचलेला कापूस करत असतो. ओटी रिकामी असताना हा उजेड नाही, ती पुरती भरून लोंबू लागली की कापूस पायांकडे उतरतो, उजेडही उतरतो. मधली वीस-पंचवीस मिनिटे काय ती आपली. त्या मिनिटांसाठी मी धुऱ्यावर उभा राहतो आणि घरची मंडळी म्हणतात की याला मधुमेहाच्या डॉक्टरांनी इतके उभे राहायला सांगितले नव्हते.

नव्या मोबाइलला एवढा खटाटोप करावा लागत नाही, हे मान्य केले पाहिजे. तो एका दाबात कमीअधिक उजेडाची अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक चित्र बनवतो. कापूसही राहतो, चेहराही दिसतो. परंतु पुष्कळ मोबाइल तेवढ्यावर थांबत नाहीत. न विचारता सुरकुत्या पुसतात, कांती उजळवतात. त्याच बाईंच्या सुनेने आपल्या मोबाइलवर सासूचे चित्र घेऊन दाखवले. गोऱ्या, गुळगुळीत, कोणी निराळ्याच बाई! सुनेला ते पसंत पडले. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांचे मत काय झाले ते मला कळले नाही.

आमच्या जिल्ह्यातील चेहरे जगाने पाहिले नाहीत असे नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या सर्वदूर पोचल्या, तेव्हा मुंबई-दिल्लीहून आणि परदेशांतूनही छायाचित्रकार आले. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या काळातील एक चित्र वृत्तपत्रांतून वारंवार दिसे: मातीच्या भिंतीपाशी बसलेली स्त्री आणि तिच्या मांडीवर पतीचे चौकटीतले छायाचित्र. त्या छायाचित्रकारांचे काम मी हिणवत नाही. त्यांच्यामुळे पुष्कळांना जाग आली. माझे लक्ष मात्र मांडीवरच्या त्या चौकटीकडे जाई. जवळून पाहिलेल्या अशा अनेक चौकटींत मतदार ओळखपत्रावरचे चित्र स्टुडिओत मोठे करून बसवलेले असते. १९९३ नंतर ही ओळखपत्रे आली. रांगेत उभे राहून, दचकलेल्या डोळ्यांनी, कोणा अनोळखी माणसाने घाईत घेतलेले ते चित्र. कित्येकांच्या आयुष्यात कागदावर उमटलेले तेवढेच.

म्हणून मी चित्रे छापून देतो. मोबाइलमधील चित्र मोबाइलबरोबर जाते. छापखान्याचे यंत्रही आपल्या बुद्धीने चेहरा पुन्हा काळा करते, तेव्हा काउंटरवरच्या मुलाला “स्वयंचलित दुरुस्ती बंद ठेव बाबा” असे दर वेळी सांगावे लागते. तो हसतो, पण ऐकतो.

ओटीच्या उजेडातले चित्र पोस्टकार्डाच्या आकारात छापून मी त्या बाईंच्या घरी नेले. भिंतीवर त्यांच्या यजमानांचे चित्र होते, ओळखपत्रावरूनच मोठे केलेले. शेजारी खिळा रिकामा होता, म्हणून मी चौकटीची गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, “एवढ्यात भितीवर लावला तं लोक म्हनतीन, बाई गेली काय!” आणि चित्र त्यांनी पत्र्याच्या पेटीत, रेशन कार्डाच्या खाली ठेवून दिले.

गेल्या हंगामात पहिल्या वेच्यालाच त्यांनी मला हाक मारली. चष्मा लागला होता, तो पदराने पुसून त्यांनी घातला. “यंदा कापूस नोका घेऊ, गुरुजी. नुसता माहा घ्या.” न्याहारीची वेळ होती. त्या बाभळीच्या सावलीत बसल्या. ओटी सोडून ठेवलेली, त्यामुळे चेहऱ्यावर पुन्हा काळोख. मी सुनेला सांगून सकाळचे गाठोडे उचलवले, सावलीच्या कडेला, जेथे ऊन होते तेथे, त्यांच्या गुडघ्यापाशी उघडून ठेवले, आणि चौकटीच्या खालच्या रेषेत ते येणार नाही इतका जवळ सरकलो.