चौकोन मोजताना

१८ जून २०२४
पवन मावळातून एक आजी आल्या. अंघोळीच्या उकळत्या पाण्याचं पातेलं डाव्या पायावर उलटलं, त्याला पाच दिवस झाले. नडगी, घोटा, पावलाची वरची बाजू. वर निळी शाई, त्यावर टूथपेस्ट. ते धुऊन काढण्यातच बराच वेळ गेला. खाली पांढरट, चिवट कातडी. सुई टोचली, आजींना कळलं नाही. म्हणजे खोल आहे. सुनेला वाटत होतं, दुखायचं थांबलं म्हणजे बरं होतंय.
भाजल्या भाजल्या वीस मिनिटं नळाखाली धरायचं. एवढं एकच गावोगाव सांगत फिरावं असं वाटतं.

२० जून
शुगर २८६. शिवाय मिश्री. डबी कनवटीला. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही, हे सांगितलं. आजी म्हणाल्या, "लई वर्सांची सवय हाय, ताई. सोड म्हणून सुटती व्हय?"

२४ जून
मेलेली कातडी डॉक्टरांनी परवा थिएटरात काढली. आज माप घेतलं. निर्जंतुक प्लास्टिकचा पारदर्शक कागद जखमेवर, मार्करने कडेकडेने रेघ. मग तो आलेखाच्या कागदावर ठेवून एकेक सेंटिमीटरचे चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त भरला तर एक, कमी असेल तर सोडून द्यायचा. २१२.
रोज बघणाऱ्याला जखम रोज बरी होतानाच दिसते. चौकोन कुणाची भीड ठेवत नाहीत.

१ जुलै
पाऊस. भिंतींना ओल. पट्ट्या वाळत नाहीत.

८ जुलै
पट्टीवर हिरवट डाग, गोडसर वास. ओळखीचा. स्वॅब पाठवला. चौकोन २१४. वाढले! त्वचारोपण पुढे ढकललं. अशा जखमेवर लावलेली कातडी जंतू खाऊन टाकतात. एक टक्का ॲसिटिक ॲसिडच्या ओल्या पट्ट्या सुरू केल्या. वॉर्डभर व्हिनेगरचा वास.
सून विचारते, "खर्च अजून किती?" उत्तर देता येत नाही.

११ जुलै
रिपोर्ट आला. जंतू स्यूडोमोनासच.

१७ जुलै
आषाढी. आजींचा उपास. मोडा म्हणायचं धाडस कुणाला? आणि का म्हणावं? फक्त साबुदाणा नको म्हटलं, त्यात प्रथिनं नावालाच. शेंगदाण्याची आमटी, दूध, दही. शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं, हे सुनेला कागदावर लिहून दिलं. नवी कातडी आभाळातून येत नाही.

२० जुलै
लाल, दाणेदार, सपाट. बोळा फिरवला की ठिपक्याठिपक्यांनी रक्त येतं. हेच हवं होतं. हिरवं गेलं. १९८ चौकोन. शुगर १५२. मिश्रीची डबी सुनेने घरी नेली. आजी दोन दिवस बोलल्या नाहीत तिच्याशी.

२२ जुलै
झालं. मांडीवरून पातळ कातडी काढली, इतकी पातळ की चिमट्यात धरली तर पलीकडचा हिरवा कपडा दिसतो. तिला बारीक छेद दिले, खाली पाणी साचू नये म्हणून. जखमेवर पसरली, स्टेपल मारले. घोटा हलू नये म्हणून मागून प्लास्टरची पट्टी. पहिले दोन दिवस ही कातडी खालून झिरपणाऱ्या पाण्यावर जगते, मग रक्तवाहिन्या जोडल्या जातात. तोवर ती जरा जरी सरकली तरी सगळं फुकट.
मांडीवर केळीचं पान. कापडावर चिकटवून ऑटोक्लेव्ह केलेलं. डॉक्टर मुंबईला सायन रुग्णालयात शिकले, तिथे डॉ. माधुरी गोरे यांनी हे रुजवलं, २००३ साली त्यावर लेखही छापून आला. त्याआधी मुंबईच्याच वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या होत्या. महागडी ड्रेसिंग ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी कुणीतरी इतका बारीक विचार केला. मला फार मोलाचं वाटतं हे.

२३ जुलै
पायापेक्षा मांडी जास्त ठणकते असं बहुतेक पेशंट सांगतात. आजी म्हणतात, मांडीला गार वाटतंय.

२५ जुलै
रात्रभर कोसळतोय. इंद्रायणी पात्राबाहेर. वीज गेली. बॅटरीच्या उजेडात पट्टी बघितली, कोरडी आहे. झोप नाही.

२७ जुलै
पट्टी उघडली. सलाइनने भिजवून, एकेक थर. शेवटची जाळी उचलताना श्वास धरला होता सगळ्यांनी.
गुलाबी! बोटाने दाबलं की पांढरं, सोडलं की पुन्हा गुलाबी. फक्त घोट्याच्या पुढे जांभळा पट्टा, खाली रक्त साचलेलं. मोजलं तर अठरा चौकोन गेले. १८० धरले. एक्क्याण्णव टक्के.
पट्टा नेमका घोट्यावरच का? सुनेने हळूच सांगितलं, आजी रात्री एकट्याच संडासला गेल्या होत्या. उकिडव्या बसल्या. भांडं मागायची लाज वाटली. संध्याकाळपर्यंत कमोडची खुर्ची मागवून घेतली. ग्राफ्टच्या आधीच्या यादीत ती हवी, सगळ्यात वर.

२ ऑगस्ट
केळीचं पान आपोआप सुटलं. खाली नवी, गुळगुळीत, गुलाबी कातडी.
दुपारी एक मुलगा आला, फार भाजलेला. त्याच्या अंगावर घ्यायला कातडीच उरलेली नाही. सलाइन लावून ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला पाठवला. तिथे त्वचापेढी आहे. सायनला तर २००० सालापासून. मृत्यूनंतर सहा तासांत त्वचा देता येते, रक्तगट जुळावा लागत नाही, ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षं टिकते. ती कायमची रुजत नाही, पण काही आठवडे माणसाला झाकून ठेवते. तेवढ्यात जीव वाचतो. नेत्रदानाचं आता घरोघर विचारतात. त्वचेचं कुणी विचारत नाही.

५ ऑगस्ट
श्रावण लागला. अंडी बंद. मटकी, दाणे, ताक.

१६ ऑगस्ट
आजी घरी गेल्या. केसपेपरवर शेवटची ओळ: 'ग्राफ्ट टेक चांगला.' फाइल बंद. घोट्यावरचे सात चौकोन अजून उघडे आहेत.

२ सप्टेंबर
पोळा. तरी आजी आल्या, मुलाच्या मोटरसायकलवरून. उघडं काही नाही. पण, "खाजतंय लई. रातीला डोळा लागत न्हाई." नव्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात, ती कोरडी पडते. खोबरेल, दिवसातून चारदा, हलक्या हाताने. वर दाबाचा मोजा.

९ सप्टेंबर
जखमेच्या वणाचं मोजमाप वाचत बसले. व्हँकुव्हरची मोजपट्टी १९९० ची. लाली, रंग, मऊपणा, उंची. चारही गोष्टी डॉक्टरांनी बघायच्या. खाजेला जागाच नाही. २००४ मध्ये डच डॉक्टरांनी नवी केली, तिच्यात अर्धा कागद पेशंटचा. दुखतं का, खाजतं का, ताठ वाटतं का. इतकी वर्षं ज्याचा पाय त्यालाच विचारलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर
घोटा वर उचलायला दहा अंश कमी पडतात. भिंतीला हात टेकून ताण द्यायचा, सकाळ-संध्याकाळ. आजींचा एकच प्रश्न, "भात कापाय बसाया यील का?"
एक्क्याण्णव टक्के हे त्याचं उत्तर होत नाही.

१८ नोव्हेंबर
सुनेला फोन केला. मागे विळ्यांचा आवाज, माणसांची गडबड. आजी बांधावर न बसता खाचरात उतरल्यात. उकिडवं बसता येतं, थोडा वेळ. मग उठून पाय झटकतात. मिश्री? सून जरा थांबली, मग म्हणाली, परत सुरू झाली.

२१ नोव्हेंबर
डॉक्टरांपुढे रजिस्टर ठेवलं. दोन रकाने वाढवायचे: रात्रीची खाज, उकिडवं बसणं. तीन महिने, सहा महिने, वर्ष अशा तारखा घालायच्या आणि कुणी आलं नाही तर आपण फोन करायचा. फोन कोण करणार, त्यांनी विचारलं. मी, म्हटलं. सही झाली. आजींची सहा महिन्यांची तारीख २२ जानेवारी.