हजच्या वाटेवरचं बंदर

एर्तुग्रुलची मालिका लॉकडाऊनमध्ये आमच्या घरात शिरली. मालिका संपली, पण तुर्कस्तान काही घरातून गेला नाही. धाकटी मोबाईलवर अंताल्याचे फोटो दाखवायची. जुना कोट, जुनं बंदर, आणि कोटाबाहेर पडलं की भूमध्य समुद्राचं निळं पाणी. "पप्पा, इथं जाऊया की!" विमानाच्या तिकिटाचा आकडा ऐकून आम्ही नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं आणि हसलो. म्हणालो, "जुनं बंदर, दगडी मशीद, किल्ला आणि समुद्र, एवढंच पाहिजे ना? मग आपल्याकडं दाभोळ आहे."

अशी आमची २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीतली सहल ठरली. मुक्काम गुहागरला, आणि एक दिवस खाडी ओलांडून दाभोळ.

अम्मा यायला तयार नव्हती. "नक्को. मी घर राखते. समुद्र काय बघायचा? रंकाळा हाय की." पण तिला न्यायचंच, असं आम्ही ठरवलं होतं. त्यामागचं कारण मुलांना माहीत नव्हतं. आम्ही दोघंही ते एकमेकांत उघड बोलत नव्हतो.

अम्मानं हजसाठी पैसे साठवले होते. अब्बांच्या इंतकालनंतर तिनं शिलाई मशीनवर पै-पै जोडली. २०१४ साली पासपोर्टही काढून ठेवला. मग ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. आमच्या दुकानात गळ्याइतकं पाणी चढलं. पाणी ओसरल्यावर कापडाचे तागे गाळातून ओढून काढले, ते फेकून द्यायच्याच लायकीचे उरले होते. त्या रात्री अम्मानं न मागता पासबुक आमच्या पुढं ठेवलं. "दुकान उभं करा. हज कुठं पळून जात नाही."

हज पळाली नाही, पण लांब गेली. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळं परदेशी यात्रेकरूंना हज बंद होती. २०२२ साली वाट उघडली, तर ६५ वर्षांच्या आतल्यांनाच परवानगी. अम्मा तेव्हा ६७ वर्षांची. पुढं तिचे गुडघे कुरकुरायला लागले. ह्या वयात सोबतीला जवळचा माणूस लागतो, म्हणजे खर्च दोघांचा. आणि तिचे पैसे तर आम्ही परत केलेच नव्हते. आधी दुकानाचे हप्ते, मग थोरल्याची फी. सहा वर्षांत अम्मानं मागितले नाहीत, आम्ही विषय काढला नाही.

अंबा घाट उतरून साखरपा, देवरूख, संगमेश्वर, चिपळूण करत गुहागरला पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. वाटेत सोबतची भाकरी, खर्डा आणि सुकं मटण संपलं. पुढचे चार दिवस मासळीवर. कोल्हापूरबाहेर गेलं की जेवायला बसताना 'मटण हलाल आहे का?' हा प्रश्न आम्ही दबक्या आवाजात विचारतो. कधी तो विचारताना समोरच्याचा चेहरा बदलतो. किनाऱ्यावर तो प्रश्नच उरत नाही. सुरमई आणि बांगडा समोर आला की बिस्मिल्लाह म्हणायचं आणि हात धुवून मागं लागायचं. निम्मी विश्रांती तर आम्हाला तिथंच मिळाली.

गुहागरचा किनारा लांबच लांब, मागं सुरूची झाडं. मुलं पाण्यातून निघेनात. आम्ही दोघं वाळूवर नुसते पडून राहिलो. दुकानाचा फोन बंद. लग्नानंतर इतका वेळ काहीच न करता आम्ही कधी बसलो होतो, ते दोघांनाही आठवेना. अम्मा पहिल्या दिवशी लांबच बसली. दुसऱ्या दिवशी नातीनं हात धरून नेलं. सलवार घोट्यावर धरून, सत्तराव्या वर्षी तिनं पहिल्यांदा समुद्रात पाय घातले. पायाखालची वाळू सरकली तशी ती ओरडली आणि मग लहान पोरीसारखी हसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मक्का कुठल्या बाजूला?" आम्ही मावळतीकडं, जरा उजवीकडं हात केला. ती बराच वेळ तिकडं बघत राहिली. आम्ही वाळूत काहीतरी शोधल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी चढवली. दहा-पंधरा मिनिटांत वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळ. नव्या पिढीला हे नाव माहीत असलंच तर एन्रॉनमुळं, आणि तो प्रकल्प तर खाडीच्या अलीकडच्या बाजूला, अंजनवेलजवळ. खरं दाभोळ त्याच्या कितीतरी आधीचं. बहामनी आणि आदिलशाही काळातलं हे मोठं बंदर. अरबस्तानचे घोडे इथं उतरायचे आणि घाट चढून आमच्या दख्खनेत यायचे. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी इ.स. १४७२ च्या सुमाराला इथूनच जहाजात बसून होर्मुझकडं निघाला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदानं हे शहर जाळलं. त्याच वर्षी चौलजवळच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता, त्याचा राग त्यानं इथल्या बायका-मुलांवरही काढला. थोरल्यानं हे ऐकून विचारलं, "त्यांनी काय केलं होतं?" आमच्याकडं उत्तर नव्हतं.

आज दाभोळ म्हणजे होड्या, मासळी, उतरती कौलं आणि अरुंद रस्ते. धक्क्यापासून जवळच ती मशीद. उंच चबुतरा, पायऱ्या, मिनार आणि मधोमध मोठा घुमट. गावात कुणी तिला अंडा मशीद म्हणतं, कुणी मासाहेबांची मशीद. अम्मा गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी चढली आणि चबुतऱ्याच्या कोपऱ्यात तिनं बसूनच दोन रकात नफल अदा केली.

तिचा सलाम फिरल्यावर आम्ही ती गोष्ट सांगितली. खरं तर तेवढ्यासाठीच तिला इथं आणलं होतं. सांगतात की विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला जायला म्हणून मोठा लवाजमा आणि खजिना घेऊन दाभोळला आली. समुद्रात चाच्यांचा धोका. जहाज निघेना. तेव्हा आलिमांच्या सल्ल्यानं तिनं हजचा पैसा ह्या मशिदीला लावला. काळ इ.स. १६५९-६० च्या आसपासचा. आपला पन्हाळा १६५९ च्या नोव्हेंबरातच शिवाजी महाराजांनी घेतला होता आणि आदिलशाही मागं हटत होती, हेही आम्ही जोडून सांगितलं. शेवटी म्हणालो, "म्हणजे बघ अम्मा, हजचा पैसा चांगल्या कामाला लागला, तर तोही अल्लाहच्या दरबारी..."

अम्मानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "शहजादीच्या पैशाची मशीद झाली. माझ्या पैशाचं तुझ्या दुकानाचं शटर झालं."

सूनबाई आधी हसली, मग तिचे डोळे भरले. आम्ही मान खाली घातली.

"रागानं नाही बोलत," अम्मा म्हणाली. "शटर उघडतं म्हणून सहा माणसं जेवतात. त्याचा सवाब मिळायचा तो मिळेल. पण पुढं काय झालं? ती नंतर गेली का हजला?"

"ते कुठं वाचलं नाही."

"मग गोष्ट अर्धीच हाय की. अर्ध्या गोष्टीवर माझी समजूत काढतोस होय?"

परतीच्या फेरीत कुणी फारसं बोललं नाही. मुलं कठड्याला टेकून घार बघत होती. आम्ही मात्र सहा वर्षांत पहिल्यांदा तो हिशेब उघड मांडला. दुकानातून दर महिन्याला किती बाजूला निघतील, सोबत कोण जाईल, थोरल्याची फी कधी संपते. अम्मा बाजूला बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आधी उमरा चालेल. पण त्याला हज समजायचं नाही, सांगून ठेवते."

घरी आल्यावर तिनं पत्र्याची पेटी उघडली. अत्तराच्या वासाच्या रुमालात गुंडाळलेला पासपोर्ट काढला. त्याची मुदत २०२४ सालीच संपली होती, आणि आमच्यापैकी कुणाला ते माहीतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज भरला. फोटो काढताना अम्मानं नवी ओढणी घेतली.

महिन्याच्या पहिल्या तारखेला तिच्या नावानं पैसे भरून पासबुक तिच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावून आकडा वाचला, शिलाईच्या हिशेबाच्या जुन्या वहीत एक नवं पान काढलं आणि वर लिहिलं : दुकानाकडून आले.