वहीतला आकडा

वृद्धाश्रमात सकाळी चहाआधी बीपी घेतात, हे चांगलंच. पण घेतात कसं? आजी पलंगाच्या कडेला, पाय लोंबकळत, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा आवळलेला, आणि वर सिस्टरांचा प्रश्न, "काय आजी, झोप लागली का?" आजींची गाडी लगेच सुनेवर. बोलताना, हात अधांतरी असताना आकडा चढतोच. वहीत १६२ पडतात, आणि डॉक्टर वही बघून गोळी वाढवतात.

पाच मिनिटं गप्प बसणं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. एवढंच तर हवं. पट्टाही दंडाच्या मापाचा. वाळलेल्या दंडाला मोठा पट्टा बांधला की आकडा कमी येतो, जाड दंडाला लहान बांधला की जास्त. इथे सगळ्यांना एकच.

मला खरी धास्ती उभं राहिल्यावरच्या बीपीची. ते कुणी बघतच नाही! उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजावं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर रात्री संडासला उठताना माणूस कोसळू शकतो. मग खुब्याचं हाड, मग अंथरूण. त्यात वाढवलेली गोळी.

नाडी अनियमित असली की मशीनवर फार विसंबू नये. तिथे कोरोतकॉफने १९०५ साली सांगितलेली, स्टेथोस्कोप लावून ऐकायची पद्धतच बरी.

सिस्टरांना म्हटलं, वहीत 'बसून' आणि 'उभं' असे दोन रकाने आखा.

"ताई, एवढ्या जणांचं रोज कसं जमणार?"

रोज नकोच. ज्यांचं स्थिर आहे त्यांचं आठवड्यातून एकदा, पण नीट. गोळी बदलली असेल, चक्कर येत असेल, त्यांचं आधी.